रीसायकल कापडाचे कपडे दुकानात येतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुटिक चालवणारे, स्वतःचं छोटं लेबल काढलेले, कंपन्यांना टीशर्ट आणि टोट बॅगा पुरवणारे अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले काही प्रश्न नवख्यांसाठी आहेत. धंद्यात मुरलेल्यांनी थेट आठव्या प्रश्नापासून वाचलं तरी बिघडत नाही.

१. रीसायकल कापड म्हणजे जुने कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकणं का?

नाही, तो वापरलेल्या कपड्यांचा धंदा झाला. इथे कापड मोडून तंतूपर्यंत मागे नेतात, त्या तंतूचं सूत काततात आणि सुताचं नवं कापड होतं. मोडण्याच्या रीती दोन. यांत्रिक रीतीत दातेरी रोलरच्या यंत्रात चिंधी फाडून तंतू मोकळा करतात. रासायनिक रीतीत कापड विरघळवून किंवा त्याचं रासायनिक विघटन करून त्यापासून नवा तंतू ओढतात.

पहिली रीत बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्यांपासून सूत काढलं. इटलीतलं प्राटो शहर एकोणिसाव्या शतकापासून जुन्या लोकरीवर पोसलं गेलं आणि आजही युरोपातल्या ब्रँडना कोटाचं कापड पुरवतं.

२. पाण्याच्या बाटल्यांपासून केलेला टीशर्टही यातच धरायचा ना?

त्याला रीसायकल पॉलिस्टर म्हणता येतं, रीसायकल कापड म्हणता येत नाही. बाजारात 'रीसायकल' म्हणून जे पॉलिस्टर विकलं जातं ते जवळजवळ सगळं बाटल्यांचं असतं. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या पॉलिस्टरपैकी सुमारे १२.५ टक्के रीसायकल होतं. कापडापासून पुन्हा तयार झालेला तंतू मात्र, सगळे प्रकार धरूनही, एकूण तंतू-उत्पादनाच्या एक टक्क्याहून कमी.

माझं मत विचाराल तर बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टीशर्ट झाला की पुढची वाट बहुतेक वेळा बंद होते. तरीही घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त टॅगवर 'बाटल्यांपासून' असं स्पष्ट लिहा (प्रश्न २०).

३. इतकी चिंधी येते कुठून?

तीन वाटांनी. पहिली गारमेंट कारखान्यांची. कापड कापताना साधारण दहा ते पंधरा टक्के कतरण निघते असं धरून चालतात. दुसरी घराघरांतून निघणारे वापरलेले कपडे. तिसरी परदेशातून येणाऱ्या चिंध्यांच्या गाठी. वापरता येतील असे जुने कपडे भारतात आणायला परवाना लागतो, पण कापून निकामी केलेली चिंधी आणता येते. कांडला बंदराच्या विशेष आर्थिक क्षेत्रात जुन्या कपड्यांची निवड करणारे मोठे कारखाने आहेत.

फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात भारतातला कापडकचरा वर्षाला सुमारे ७८ लाख टन धरला आहे. त्यात ५१ टक्के देशातल्या वापरलेल्या कपड्यांचा, ४२ टक्के कारखान्यांचा आणि ७ टक्के आयातीचा.

"मग आमच्याकडची बोहारीण याच साखळीत का?" असंही बरेच जण विचारतात. साखळीत आहे, पण वेगळ्या टोकाला. भांड्यांच्या बदल्यात ती जे कपडे नेते ते निवडून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. अगदी टाकाऊ उरतात त्यांची यंत्र पुसायची फडकी होतात. सूतगिरणीपर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं.

४. माल बघायला पानिपतला जाऊ की तिरुप्पूरला?

काय विकायचं आहे त्यावर ठरवा. हरियाणातल्या पानिपतला वर्षानुवर्षं जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंधीतून ब्लँकेटं होत आली. जगभरच्या मदतकार्यात वाटली जाणारी ब्लँकेटं मोठ्या प्रमाणात तिथली असत. पुढे स्वस्त पॉलिस्टर फ्लीसने त्या धंद्याला धक्का दिला. आज तिथे रंगीत कॉटनचं जाड सूत, सतरंज्या, पायपुसणी, पडदे भरपूर मिळतात. ब्लँकेट, शाल, जॅकेटचं जाड कापड, बॅगा यांसाठी पानिपत.

टीशर्ट, हूडी, ट्रॅक पँट हवी असेल तर तमिळनाडूतलं तिरुप्पूर आणि त्याच्या आसपासच्या ओपन-एंड सूतगिरण्या, म्हणजे आखूड तंतूचंही जाडसर सूत कातणाऱ्या. तिथली कतरण निटिंगच्या नव्या कापडाची असते. कॉटन आहे की मिश्र हे माहीत असतं, रंग माहीत असतो, आणि ती कुणी घातलेली, धुतलेली नसते. बांगलादेशातली कतरणही भारतीय गिरण्यांकडे येते. पहिल्यांदा हा माल करणाऱ्याला मी डोळे झाकून कारखान्याची कतरण सुचवते. वापरलेल्या कपड्यांपासून केलेल्या सुताची गोष्ट ग्राहकाला सांगायला छान असते, पण पहिल्याच ऑर्डरला त्यातली अनिश्चितता झेपत नाही.

५. मोठे ब्रँड हा माल नेमका कसा मिळवतात?

ते कपड्यापासून सुरुवात करत नाहीत, सुतापासून करतात. आधी त्यांची मटेरियल टीम दोनचार गिरण्या पारखून त्यांची यादी करते. मग गारमेंट कारखान्याला परचेस ऑर्डरमध्येच सांगितलं जातं की सूत अमुक गिरणीचं, अमुक काउंटचं (काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक), इतके टक्के रीसायकल हवं. यालाच 'नॉमिनेशन' म्हणतात. पैसे कारखाना देतो, निवड ब्रँडची असते. एकच सूत टीशर्ट, हूडी आणि पोलोला वापरून ते गिरणीला भरभक्कम ऑर्डर देतात, म्हणून भावही चांगला मिळतो.

छोटा दुकानदार नेमकं उलट करतो. तयार कपडा हातात घेऊन विचारतो, "हा रीसायकल आहे का?" त्या टप्प्यावर शोरूमवाल्याकडे 'हो' म्हणण्यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. रीसायकल किती आणि कशाचं, हे गिरणीत मिश्रण घालताना ठरतं. त्यानंतर ते वाढवता येत नाही आणि डोळ्यांनी ओळखताही येत नाही. प्रश्न विचारायचाच तर पहिला हा विचारा: सूत कुठल्या गिरणीचं?

६. मला दोनतीनशे नग हवेत. गिरणी मला दारात तरी उभी करेल का?

स्वतंत्र सूत कातून देणार नाही. पण बहुतेक गिरण्यांकडे काही रनिंग शेड, म्हणजे कायम चालू असलेले रंग, असतात: ग्रे मेलांज, कोळशाचा रंग, नेव्ही, फिकट बदामी. ते सूत निटिंगवाले घेऊन ठेवतात आणि त्याचं कापड रोलच्या हिशोबाने मिळतं. तुमचं डिझाइन त्या रंगांत बसवा. तीनचार छोट्या लेबलांनी मिळून एकच कापड घेणं हाही चांगला मार्ग आहे. कोल्हापूर-इचलकरंजी भागातले काही जण विणलेल्या कापडाच्या बाबतीत असं करतात. स्वतःचा खास रंगच हवा हा हट्ट असेल तर मात्र हा माल तुमच्यासाठी नाही.

७. शंभर टक्के रीसायकल कॉटन मिळतं का?

जाड मालात मिळतं, नेसायच्या तलम कापडात नाही. फाडताना कॉटनचा तंतू तुटतो, आखूड होतो. आखूड तंतूचं बारीक सूत काततच नाही, कातलं तरी ते तुटतं. म्हणून त्यात नवं कॉटन किंवा पॉलिस्टर घालतात. ओपन-एंड पद्धतीत १० ते २० काउंटपर्यंत रीसायकलचं प्रमाण बरंच वर नेता येतं. ३० काउंटच्या टीशर्टला ते वीसतीस टक्क्यांवर येऊन थांबतं.

बाजारात 'रीसायकल कॉटन' म्हणून मिळणाऱ्या सुतात ताकदीसाठी तीसचाळीस टक्के पॉलिस्टर असणं अगदी नेहमीचं. फसवणूक म्हणता येत नाही, कारण विचारलं तर सांगतात. विचारत कोणी नाही.

८. जीआरएस आणि आरसीएस यांत फरक काय?

जीआरएस म्हणजे ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड, आरसीएस म्हणजे रीसायकल्ड क्लेम स्टँडर्ड. दोन्ही मानकं टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेची. आरसीएस फक्त रीसायकल तंतूचा प्रवास मोजतं: किती आला, किती गेला. त्यासाठी किमान पाच टक्के रीसायकल तंतू पुरतो. जीआरएस त्याबरोबर कामगारांच्या अटी, सांडपाणी आणि रसायनं हेही तपासतं. जीआरएससाठी किमान २० टक्के लागतात, आणि ग्राहकाला दिसणाऱ्या टॅगवर जीआरएसचं चिन्ह छापायचं तर किमान ५०. आपला टीशर्ट ३० टक्क्यांचा असेल तर गिरणी जीआरएसवाली असूनही ते चिन्ह तुमच्या टॅगवर येत नाही. छपाईची ऑर्डर देऊन झाल्यावर हे कळणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

९. पुरवठादाराने व्हॉट्सअ‍ॅपवर जीआरएस सर्टिफिकेट पाठवलंय. काम झालं ना?

झालं नाही. त्याने बहुधा स्कोप सर्टिफिकेट पाठवलंय. ते एवढंच सांगतं की हा कारखाना असा माल करण्यास पात्र आहे. त्याची मुदत एक वर्षाची असते. तोच कारखाना त्याच दिवशी साधा मालही करत असतो. तुमच्या लॉटचा पुरावा म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, ज्याला सगळे टीसी म्हणतात. त्यावर विकणारा, घेणारा, बिल नंबर, वजन, रीसायकलची टक्केवारी, आणि तंतू कारखान्याच्या कतरणीचा की वापरलेल्या कपड्यांचा, हे सगळं असतं. टीसी पुरवठादार स्वतः छापत नाही, प्रमाणन करणारी संस्था देते.

टीसी आला की त्यावरचं वजन मांडून बघा. समजा हजार टीशर्ट, प्रत्येकी २०० ग्रॅम, म्हणजे तयार माल २०० किलो. कातरणीत १५ टक्के गेले तर कापड लागलं सुमारे २३५ किलो. निटिंग आणि प्रोसेसची घट पाच टक्के धरली तर सूत २४७ किलोच्या आसपास. कारखान्याने घेतलेल्या सुताचा टीसी ९० किलोचा असेल तर उरलेलं सूत कुठून आलं, ते विचारा. बरं उत्तर मिळेपर्यंत शिल्लक रक्कम हातात ठेवा. टीसी माल निघाल्यावर होतो, त्यामुळे तो यायला काही आठवडे लागतात. म्हणूनच 'टीसी आल्यावर शेवटचा हप्ता' ही अट ऑर्डरमध्येच घाला, नंतर ती कोणी मानत नाही.

१०. टीसी खरा असेल तर आतला मालही खराच?

बहुतेक वेळा. पण साखळीतली कच्ची जागा कुठे आहे ते माहीत असावं. या मानकांत प्रमाणन सुरू होतं ते रीसायकल करणाऱ्या कारखान्यापासून. त्याच्या आधीचा चिंधी गोळा करणारा, निवडणारा, गाठी बांधणारा यांचं पूर्ण प्रमाणन होत नाही. त्यांच्याकडून लेखी घोषणापत्र आणि कागदपत्रं घेतली जातात. थोडक्यात, यंत्राच्या पुढे कागद पक्का आणि यंत्राच्या मागे बराचसा विश्वासावर.

म्हणून मी गिरणीला तीन गोष्टी विचारते. चिंधी कोणाकडून घेता? निवड कोण करतं, रंगानुसार की तंतूनुसारही? शंभर किलो चिंधीतून कातायजोगा तंतू किती निघतो? खरोखर हे काम करणारा माणूस तिसऱ्या प्रश्नावर तक्रारीच्या सुरात का होईना, पण भरभरून बोलतो. नुसता व्यापारी असेल तर तो ब्रोशर पाठवतो.

११. त्यापेक्षा लॅबमध्ये तपासून घेतलं तर?

कॉटन आहे की पॉलिस्टर, किती टक्के, हे लॅब नीट सांगते. कॉटन जुनं की नवं हे खात्रीने सांगणारी साधी चाचणी नाही. आखूड तंतूंचं प्रमाण जास्त दिसलं तर संशयाला जागा आहे इतकंच, कारण हलक्या दर्जाच्या नव्या कॉटनमध्येही ते असतंच. बाटल्यांच्या पॉलिस्टरमध्ये बाटलीसाठी घातलेल्या घटकांचे अंश सापडू शकतात, पण टक्केवारी त्यातून निघत नाही. तेव्हा प्रश्न ९ कडे परत जा.

१२. माझ्या दुकानालाही प्रमाणपत्र घ्यावं लागेल का?

फक्त थेट ग्राहकाला विकत असाल तर नाही. साखळी शेवटच्या घाऊक व्यवहारापर्यंत प्रमाणित असावी लागते. तुम्ही दुसऱ्या दुकानांना किंवा कंपन्यांना घाऊक माल देत असाल आणि तो प्रमाणित म्हणून विकायचा असेल, तर लागेल. चिन्ह छापण्याआधी लेबलला मंजुरी घ्यावी लागते, ते काम प्रमाणित पुरवठादाराकडून करून घ्या.

१३. आमच्याच युनिटची कतरण पुन्हा सुतात घातली तर ते रीसायकल होईल?

गारमेंट युनिटची कतरण बाहेर जाऊन फाडली, कातली गेली तर होय. सूतगिरणीने स्वतःचा सांडलेला कापूस त्याच कातण्याच्या कामात पुन्हा घातला तर नाही. आयएसओ १४०२१ हे मानक त्याच प्रक्रियेत परत वापरलेला टाकाऊ माल मोजू देत नाही. नाहीतर प्रत्येक गिरणी जन्मापासूनच रीसायकलवाली ठरली असती.

१४. हे महाग पडतं की स्वस्त?

जाड ओपन-एंड रीसायकल सूत नव्या कॉटनपेक्षा स्वस्त असतं. पानिपतचा धंदा चालला तो पर्यावरणप्रेमावर नव्हे, याच स्वस्ताईवर. भाव चढतो तो बारीक काउंट, रंगांची काटेकोर निवड आणि प्रमाणपत्रांमुळे. आधीच रंगीत चिंधीचं सूत घेतलं तर डाईंगचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचतात, हे हिशोबात धरायला लोक विसरतात.

१५. दर लॉटला रंग थोडा वेगळा येतो. ग्राहक परत करतात. काय करू?

चिंधीचं मिश्रण बदललं की शेड बदलणार. प्राटोत पिढ्यान्‌पिढ्या हाताने रंग निवडणारी माणसं तयार झाली ती उगीच नाही. एकच ठरावीक शेड मान्य करण्याऐवजी दोन टोकांचे नमुने ठरवा आणि त्यांच्या मधलं सगळं चालेल असं लिहून घ्या. एका ऑर्डरचं सूत एकाच लॉटचं मागा. रीऑर्डर जुन्या मालात मिसळू नका.

कापडाचं म्हणाल तर गोळे धरणं, फाटण्याची ताकद, आटणं आणि धुतल्यावर शिवण तिरकी होणं या चार चाचण्या ऑर्डरमध्ये घाला. सिंगल जर्सीत, म्हणजे टीशर्टच्या साध्या निट कापडात, शेवटची तक्रार फार येते. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम) खाली जाऊ नका. पातळ कापड घेऊन नंतर रीसायकलला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

१६. लहान मुलांच्या कपड्यांना हे कापड चालेल?

नव्या कतरणीचं, तपासणी केलेलं असेल तर चालेल. वापरलेल्या कपड्यांच्या चिंधीचं सूत मी बाळांच्या कपड्यांसाठी घेणार नाही. त्या कपड्यांत कुठल्या काळातली कुठली रसायनं आहेत याचा पत्ता नसतो. काही घातक अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये बंदी घातली, पण त्याआधीचे किंवा बंदी नसलेल्या देशांतले कपडे गाठींत असू शकतात. घातक रसायनांसाठीची ओको-टेक्स स्टँडर्ड १०० ची तपासणी मागा आणि ती तयार कापडाची असल्याची खात्री करा.

१७. जुन्या स्ट्रेच जीन्सची पुन्हा जीन्स का होत नाही?

इलॅस्टेनमुळे, म्हणजे कापडाला ताण देणाऱ्या तंतूमुळे. फाडताना तो ताणला जातो, यंत्रात गुंडाळला जातो, आणि दोनतीन टक्केसुद्धा डोकेदुखी करतो. त्यात बटणं, रिव्हेट, चेन आणि पॉलिस्टरचा धागा. स्वीडनमध्ये माल्मो इथे अवरक्त किरणांनी तंतू ओळखून कपडे वेगळे करणारा मोठा कारखाना उभारला गेला, पण असे किरण वरचाच थर वाचतात. अस्तर लावलेला कोट त्यांना नीट समजत नाही.

१८. रासायनिक रीसायकल येतंय म्हणतात. तोवर थांबू का?

थांबू नका. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने जुन्या कॉटनचा लगदा करण्याचा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुंडस्वाल इथे सुरू केला. नामवंत ब्रँडनी पाठिंबा जाहीर केला, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लगदा विकत घेणार होते ते ब्रँड नव्हेत, तर लगद्यापासून व्हिस्कोस तंतू करणारे कारखाने, आणि त्यांच्याकडून मागणी पुरेशा वेगाने आली नाही. नंतर नव्या मालकाने ती घेऊन सर्क्युलोज या नावाने पुढे चालवायला घेतली. प्रश्न ५ मध्ये म्हटलं तेच इथेही दिसतं. खरेदीची चावी तंतू आणि सुताच्या टप्प्यावर असते.

आज हाती लागण्यासारखं म्हणजे कॉटनच्या टाकाऊ मालाचा काही भाग घातलेला व्हिस्कोस किंवा लगद्यापासूनच होणारा लायोसेल. बिर्ला सेल्युलोजचा लिवा रिवाइवा आणि लेन्झिंगचा रिफायब्रा हे त्यातले. तलम, अंगावर पडणारा कपडा हवा असेल तर ही वाट यांत्रिक कॉटनपेक्षा बरी.

१९. दुकानात जुने कपडे गोळा करायची पेटी ठेवली, तर त्यांचेच नवे कपडे करता येतील?

तुमच्या पेटीतल्या कपड्यांचे नाही. गिरणीला एका तंतूच्या, एका रंगाच्या गाठी लागतात. पेटीत येतात साड्या, बनियन, स्वेटर आणि एखादा रेनकोट. ते निवड करणाऱ्याकडे जातील, चांगले पुन्हा विकले जातील, थोडे फाडले जातील. पेटी जरूर ठेवा, पण कपडे पुढे कुठे जातात ते तिच्यावर लिहा. डेडस्टॉक म्हणजे पडून राहिलेलं नवं कापड वापरणं हाही चांगला मार्ग आहे, पण त्याला रीसायकल म्हणू नका.

२०. टॅगवर नेमकं काय लिहू?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवरची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' असे शब्द नुसते टाकता येत नाहीत. दावा कपड्याच्या कुठल्या भागाबद्दल आहे ते सांगावं लागतं आणि पुरावा द्यावा लागतो. हे दुकानालाही लागू आहे आणि तुमच्या इन्स्टाग्राम पोस्टलाही.

युरोपात माल पाठवणाऱ्यांनी अधिक जपावं. तिथे २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याविना सरसकट पर्यावरणीय दावे करण्यावर बंदी लागू होते, आणि फ्रान्समध्ये कपड्यावर 'पर्यावरणस्नेही' लिहायला आधीपासूनच मनाई आहे.

माझ्या मते टॅग असा असावा: "कापड: ६० टक्के रीसायकल कॉटन (गारमेंट कारखान्यातील कतरण), ४० टक्के नवं पॉलिस्टर. शिवणीचा धागा, लेबल व बटणं यात धरलेली नाहीत." क्यूआर कोड दिलात तर त्यामागे गिरणीचं गाव आणि मानकाचं नाव ठेवा. पुरवठादाराचा टीसी जसाच्या तसा जाहीर करू नका, त्यावर त्याचे बिल नंबर आणि ग्राहक असतात.